मत्स्यमृगया : एका खेळाचा इतिहास

मासे धरण्याचा धंदा मनुष्याइतकाच जुना असला, तरी खोल समुद्रांतील अजस्र माशाशीं एका माणसानें एका काठीनें व एका दोरानें झुंजण्याचा खेळ अगदीं अलीकडचा आहे. त्याला अजून दीडशें वर्षेंही पुरीं झालीं नाहींत. कोळी समुद्रावर जातो तो पोटासाठीं. मासा जितका लवकर आणि जितक्या थोड्या श्रमांत हातीं येईल तितकें त्याला बरें. या खेळाचें तत्त्व नेमकें उलट आहे. मासा हातीं येणें अवघड व्हावें म्हणून येथें माणूस आपण होऊन आपल्यावर बंधनें घालून घेतो. ही उलटी रीति कोठून आली, आणि तिनें माशांचें भलें किती केलें व वाटोळें किती केलें, याची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु ती थोडा विचार करावयास लावणारीही आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया प्रांतांत, लॉस एंजेलिस शहरासमोर वीस-पंचवीस मैलांवर सांता कॅटालिना नांवाचें डोंगराळ बेट आहे. एव्हलॉन हें त्या बेटावरील लहानसें बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें हवा खाण्यासाठीं येणारे लोक किनाऱ्यावरून व होड्यांतून मासे धरीत. वीस-वीस, तीस-तीस रत्तलांचे मासे जाड दोराला बांधलेल्या गळानें भराभर ओढून काढावयाचे, त्यांचे ढीग घालावयाचे, आणि खाण्यापुरते घेऊन उरलेले टाकून द्यावयाचे, असा तो प्रकार असे. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नांवाच्या गृहस्थांच्या दृष्टीस हें पडलें. होल्डर यांचा जन्म १८५१ मधला, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला. तरुणपणीं न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांत काम करून ते पुढें कॅलिफोर्नियांत पॅसाडेना गांवीं स्थायिक झाले होते. प्राणिशास्त्राचा व्यासंग, लेखनाचा हातखंडा आणि शिकारीचा षोक हे तिन्ही त्यांच्या ठिकाणीं एकत्र आले होते. मासे मारले जातात याचें त्यांना वाईट वाटलें नाहीं. ते स्वतः शिकारीच होते. वाईट वाटलें तें मासे इतक्या सहज मारले जातात याचें. ज्या प्राण्याला सुटण्याची कांहींच संधि नाहीं, त्याला मारण्यांत पराक्रम तो कसला, असा त्यांचा प्रश्न होता.

१ जून १८९८ रोजीं होल्डर यांनीं या प्रश्नाचें उत्तर समुद्रावरच दिलें. लवचिक काठी, बारीक दोर आणि दोर गुंडाळण्याची फिरकी, म्हणजे रीळ, एवढ्या साधनांवर त्यांनीं १८३ रत्तलांचा ब्लूफिन ट्यूना काबूंत आणला. कोंकणच्या किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात, त्याच्याच घराण्यांतील हा मासा. मात्र आकारानें व बळानें कितीतरी मोठा. ही झुंज पावणेचार तास चालली, आणि त्या वेळांत मासा होडीला मैलोगणती ओढीत होता. या बळाचें रहस्य त्याच्या रक्तांत आहे. बहुतेक माशांचें शरीर भोंवतालच्या पाण्याइतकेंच थंड असतें. ट्यूनाच्या अंगांत मात्र उष्ण व थंड रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या एकमेकींस लागून अशा रीतीनें गुंफलेल्या असतात कीं, स्नायूंत उत्पन्न झालेली ऊब बाहेर वाहून न जातां आंतच खेळत राहते. तापलेल्या यंत्राप्रमाणें हे स्नायु थंड पाण्यांतही सारखे काम करीत राहतात. अशा प्राण्याला जाड दोरानें जबरदस्तीनें ओढणें निराळें, आणि तुटूं शकणाऱ्या दोरानें त्याला थकवून जिंकणें निराळें.

त्याच जून महिन्यांत एव्हलॉन येथें होल्डर व त्यांचे स्नेही यांनीं ट्यूना क्लबची स्थापना केली. या संस्थेचें खरें महत्त्व तिच्या सभासदांच्या कीर्तींत नसून तिच्या नियमांत आहे. मोठ्या ट्यूनासाठींसुद्धां दोर चोवीस पदरांहून जाड असतां कामा नये. होडींतील दुसऱ्या कोणीही काठीला अगर रिळाला हात लावतां कामा नये. नावाड्यानें होडी हांकावी आणि मासा अगदीं जवळ आल्यावर आंकडा घालावा, एवढेंच. झुंजींत काठी मोडली तर ती शिकार धरावयाची नाहीं. या अटी पाळून शंभर रत्तलांवरील ट्यूना आणणाराला कोटाला लावण्यासाठीं एक निळी गुंडी मिळे. बक्षीस म्हणून तिची किंमत ती काय! परंतु त्या गुंडीसाठीं लक्षाधीश लोक दिवसचे दिवस लाटांवर काढूं लागले. पुढें नऊ पदरी दोराचा वर्ग निघाला, नंतर त्याहूनही बारीक दोराचा. जसजसा मनुष्य तरबेज होत गेला, तसतसा त्यानें आपला दोर आपण होऊन बारीक केला, हें या खेळाचें पहिलें आणि सर्वांत मोठें वैशिष्ट्य होय.

त्या काळच्या साधनांची कल्पना आज करणें कठीण आहे. दोर जवसाच्या सुताचा असे. रोज संध्याकाळीं तो उलगडून वाळविला नाहीं तर कुजे. रिळाची मूठ दोराशीं जोडलेली असल्यामुळें मासा पळूं लागला कीं ती उलटी गरगर फिरे आणि बोटें फोडून काढी. वेग आवरण्यासाठीं चामड्याचा एक तुकडा अंगठ्यानें दोरावर दाबून धरावा लागे. विल्यम बोशेन या शिकाऱ्यानें यावर उपाय योजिला. मूठ स्थिर ठेवून दोर ठराविक ताणाखालीं सुटत राहील अशा रिळाची कल्पना त्यानें काढली, आणि जूलियस व्हॉम होफ या कारागिरानें ती प्रत्यक्षांत उतरविली. मोठ्या माशांच्या शिकारीचें रीळ आजही मूलतः याच तत्त्वावर चालतें. बोशेनचा नावाडी जॉर्ज फार्न्सवर्थ हा तर त्याहून कल्पक. ट्यूना होडीच्या चाहुलीनें बुजतो असें पाहून त्यानें चक्क पतंग उडविण्यास आरंभ केला. आमिषाचा दोर पतंगाला अडकवावयाचा, म्हणजे आमिषाचा उडता मासा होडीपासून दूर, लाटांच्या माथ्यावर जिवंत माशासारखा उड्या घेत राही. याच जोडीनें १९१३ मध्यें ३५८ रत्तलांचा तलवार मासा काठीवर आणला. त्या वेळेपर्यंत हा मासा केवळ भाल्यानेंच मारतां येतो, असा समज होता. नांव बोशेनचें झालें. परंतु मासा शोधणें, त्याच्यापुढें आमिष बरोबर नेणें आणि झुंजींत होडी संभाळणें हें सारें नावाड्याचें काम असे. या खेळाच्या इतिहासांत शिकाऱ्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत आणि नावाड्यांचीं लहान अक्षरांत छापलीं गेलीं आहेत, हें विसरतां कामा नये.

होल्डर १९१५ मध्यें वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस एव्हलॉनला लागलेल्या मोठ्या आगींत क्लबची इमारत भस्मसात् झाली. ती पुढच्याच वर्षीं पुन्हां उभी राहिली. परंतु तोंपर्यंत खेळानें त्या बेटाची सीमा ओलांडली होती, आणि त्याबरोबर त्याची वृत्तिही हळूहळू पालटूं लागली होती. दोर किती बारीक होता, हा प्रश्न मागें पडून मासा किती मोठा होता, हा प्रश्न पुढें आला.

या पालटाचे प्रतिनिधि म्हणून झेन ग्रे यांचें नांव घेतां येईल. पश्चिम अमेरिकेतील घोडेस्वारांवरील त्यांच्या कादंबऱ्यांनीं त्यांना अमाप पैसा मिळवून दिला, आणि तो त्यांनीं समुद्रावर खर्च केला. ट्यूना क्लबचे ते सभासद होते. मोठा तलवार मासा आणल्याचा त्यांना फार अभिमान होता. परंतु लवकरच श्रीमती कीथ स्पॉल्डिंग या बाईंनीं त्याहून मोठा, ४२६ रत्तलांचा मासा आणला. एका स्त्रीला हें एकटीनें साधलें असेल, यावर ग्रे यांचा विश्वास बसेना, आणि त्यांनीं तो अविश्वास बोलून दाखविला. क्लबनें बाईंची बाजू घेतली. ग्रे क्लब सोडून गेले. नियम सर्वांना सारखा, हें त्या क्लबनें या प्रसंगीं दाखवून दिलें.

ग्रे पुढें न्यूझीलंडला गेले, ताहिती बेटांत राहिले. १९३० मध्यें ताहितीजवळ त्यांनीं १,०४० रत्तलांचा मार्लिन आणला. मार्लिन म्हणजे भाल्यासारखी लांब चोंच असलेला, पाण्याबाहेर उंच उसळ्या घेणारा मासा. हजार रत्तलांची मर्यादा काठीवर ओलांडली गेली ती येथें. परंतु तो मासा वर येण्यापूर्वीं शार्क माशांनीं त्याचे लचके तोडले होते. यांतून एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित झाला. शार्कनें घायाळ केलेला मासा जिंकला कोणीं, माणसानें कीं शार्कनें? खेळाचे नियम जेव्हां पुढें जगभर एक झाले, तेव्हां त्याचें उत्तर ठरलें : दुसऱ्या प्राण्यानें लचका तोडलेला मासा विक्रमांत धरावयाचा नाहीं.

बहामा बेटांतील बिमिनी येथें तर हा प्रश्न रोजचाच होता. तेथें ट्यूना गळास लागत, परंतु तासन् तास झुंज चाले आणि शेवटीं वर येई तें शार्कनीं कुरतडलेलें मुंडकें. अर्नेस्ट हेमिंग्वे हे कादंबरीकार १९३५ मध्यें आपली ‘पिलार’ ही बोट घेऊन तेथें आले. माशाला उसंत द्यावयाची नाहीं, झुंज शक्य तितकी आंखूड करावयाची, हा त्यांचा मंत्र होता. आणि त्याच्या बळावर त्यांनीं अखंड ट्यूना बोटींत आणून दाखविले. झुंज लांबविण्यांत कौशल्य नसून ती आटोपण्यांत कौशल्य आहे, हा विचार येथें प्रथम ठळकपणें पुढें आला. त्याचें खरें महत्त्व मात्र पुढें अर्धशतकानें कळावयाचें होतें.

याच सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कारबरो या गांवीं एक विलक्षण अध्याय घडत होता. हेरिंग माशांच्या झुंडींमागून प्रचंड ट्यूना उत्तर समुद्रांत येत, आणि कोळ्यांनीं हेरिंगचीं जाळीं ओढावयास घेतलीं कीं गळलेल्या माशांसाठीं त्यांच्या भोंवतीं घिरट्या घालीत. लोरेन्झो मिचेल-हेन्री यांनीं १९३० मध्यें तेथें ५६० रत्तलांचा व १९३३ मध्यें ८५१ रत्तलांचा ट्यूना एका लहान वल्ह्याच्या होडींतून धरला. त्याच वर्षीं स्कारबरोंत ब्रिटिश टनी क्लब निघाला. सरदार, सेनाधिकारी, धनिक यांच्या नौकांनीं बंदर गजबजून जाऊं लागलें आणि टांगलेले मासे पाहण्यासाठीं धक्क्यावर गर्दी होऊं लागली. वीस-बावीस वर्षांत हें सारें संपलें. महायुद्धानंतर हेरिंगची मासेमारी बेसुमार वाढली, हेरिंग विरळ झाले, आणि १९५४ नंतर तेथें काठीवर ट्यूना मिळेनासा झाला. हेरिंगची स्थिति इतकी बिघडली कीं १९७७ मध्यें उत्तर समुद्रांत त्यांच्या मासेमारीवर बंदीच घालावी लागली. ट्यूनाशीं झुंजण्याचे नियम अगदीं चोख होते. परंतु ट्यूना ज्यावर जगतो त्या माशासाठीं कोणताच नियम नव्हता. समुद्रांतील एका प्राण्याशीं न्यायानें वागावयाचें आणि त्याचें ताट मात्र रिकामें होऊं द्यावयाचें, याचा परिणाम दुसरा काय होणार!

नियम जगभर एक असावेत म्हणून १९३९ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या त्याच निसर्गेतिहास-संग्रहालयांत, जेथें होल्डर यांनीं तरुणपणीं काम केलें होतें, आंतरराष्ट्रीय मत्स्यमृगया संघाची स्थापना झाली. मायकेल लर्नर हे तिचे आधारस्तंभ, आणि संग्रहालयांतील मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का लामॉण्ट या तिच्या कार्यवाह. शिकारी आणि शास्त्रज्ञ एका छपराखालीं आले, ही गोष्ट चांगली झाली. परंतु विक्रमांच्या वहींत मुख्य रकाना होता तो वजनाचा. आणि वजन करावयाचें तर मासा किनाऱ्यावर आणून तराजूला टांगला पाहिजे, म्हणजेच मारला पाहिजे.

या वहीचें सर्वांत प्रसिद्ध पान ४ ऑगस्ट १९५३ या तारखेचें आहे. पेरू देशांतील काबो ब्लांको येथें आल्फ्रेड ग्लासेल यांनीं १,५६० रत्तलांचा काळा मार्लिन धरला. लांबी सुमारें साडेचौदा फूट. झुंज पावणेदोन तासांची. हा विक्रम सत्तर वर्षांहून अधिक काळ अबाधित आहे. स्वतः काबो ब्लांकोचें वैभव मात्र तितकें टिकलें नाहीं. मार्लिन तेथून दिसेनासे झाले, आणि १९७० च्या सुमारास तेथील क्लबचे दरवाजे बंद झाले.

ग्लासेल यांचा तो मासा नर नव्हता, मादी होती. हें अपवादानें घडलें नाहीं. काळ्या व निळ्या मार्लिनांत नर सहसा चारशें रत्तलांच्या पुढें जात नाहींत. हजार रत्तलांचा मार्लिन म्हणजे मादीच. आणि मादी जितकी मोठी, तितकीं तिचीं अंडीं अधिक. १९६६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील केर्न्सजवळ जॉर्ज ब्रॅन्सफर्ड यांच्या बोटीवर १,०६४ रत्तलांचा काळा मार्लिन आणला गेला, तेव्हांपासून तेथील प्रवाळ-रांगांकडे जगभरचे शिकारी धावले. इतके प्रचंड मासे तेथेंच कां मिळतात, याचा उलगडा पुढें झाला. त्या माद्या तेथें अंडीं घालण्यासाठीं येतात. म्हणजे विक्रमाची वही शिकाऱ्याला इतकीं वर्षें जें सांगत आली, त्याचा सरळ अर्थ असा होता कीं कुळांतील सर्वांत थोर आई शोधून काढ आणि तिला मार. हें कोणी जाणून केलें नाहीं. परंतु न जाणतां झालेला घातही घातच असतो.

याच्या जोडीला पैसा आला. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत अमेरिका व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या ट्यूनाला बाजारांत जवळ जवळ किंमतच नव्हती. तो कुत्र्या-मांजरांच्या खाद्यांत जाई. १९७२ पासून तो विमानानें जपानला जाऊं लागला आणि त्याचे भाव गगनाला भिडले. १९७९ मध्यें नोव्हा स्कोशियांत केन फ्रेझर यांनीं धरलेला १,४९६ रत्तलांचा ट्यूना हा आजही त्या जातीचा विक्रम आहे; परंतु त्या काळांत काठीनें धरलेले कितीतरी ट्यूना धक्क्यावरूनच विकले जात होते. खेळ आणि धंदा यांमधली रेषा पुसट झाली. अर्थात् समुद्र रिकामा करण्याचा मुख्य दोष शिकाऱ्यांकडे जात नाहीं. मैलच्या मैल लांब दोरांना हजारों गळ लावून फिरणाऱ्या व्यापारी जहाजांपुढें काठीवाल्यांची संख्या ती किती! तरी दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून आपला दोष नाहींसा होत नाहीं.

सुदैवानें सुधारणेची सुरुवातही याच मंडळींतून झाली. १९५४ मध्यें अमेरिकेतील वुड्स होल येथील समुद्रविज्ञान-संस्थेंत फ्रॅंक मॅथर यांनीं एक योजना आंखली. शिकाऱ्यांनीं धरलेल्या माशाच्या पाठींत एक लहानशी खुणेची पट्टी टोंचावयाची, त्याला सोडून द्यावयाचें, आणि पुढें तो ज्याला सांपडेल त्यानें कळवावयाचें. बहामा बेटांजवळ सोडलेले ट्यूना नॉर्वेच्या किनाऱ्यावर सांपडले, तेव्हां एक मोठाच भ्रम दूर झाला. हे मासे एका देशाचे नव्हते. एका किनाऱ्यानें त्यांना जपावें आणि दुसऱ्यानें त्यांना लुटावें, तर जपणें व्यर्थ होतें. अटलांटिकमधील ट्यूनाविषयीं अनेक राष्ट्रांचा करार १९६६ मध्यें झाला, त्याच्या मुळाशीं ही जाणीव होती.

मासा सोडून देण्याची रीति मग वाढत गेली. परंतु येथें होल्डर यांच्या जुन्या न्यायाला एक अनपेक्षित पेंच पडला. दोर बारीक, म्हणून माशाला सुटण्याची संधि अधिक, हें खरें. पण दोर बारीक म्हणजे झुंजही लांब. ट्यूना आणि मार्लिन यांना श्वासासाठीं सतत पुढें पोहत राहून तोंडावाटे पाणी कल्ल्यांवरून वाहूं द्यावें लागतें. तासन् तास झुंजून गलितगात्र झालेला मासा सोडला, तरी तो तळाशीं जाऊन मरण्याचा संभव असतो. जो दोर मारण्याच्या खेळांत न्यायाचा होता, तोच सोडण्याच्या खेळांत क्रूरपणाचा ठरला. म्हणून आतां जाणते शिकारी बळकट दोर घेतात, झुंज लवकर आटोपतात, आणि दमलेल्या माशाला होडीच्या कडेला धरून, त्याच्या कल्ल्यांतून पाणी खेळेपर्यंत, सावकाश पुढें नेतात. गळही बदलला. टोंक आंत वळलेला वर्तुळाकार गळ माशाच्या पोटांत न अडकतां जबड्याच्या कोपऱ्यांत बसतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मार्लिन-स्पर्धांत खरें आमिष वापरणाऱ्यांना २००८ पासून तो सक्तीचा आहे. २०११ पासून आंतरराष्ट्रीय संघानें जिवंत सोडलेल्या माशाचा लांबीवरून विक्रम नोंदण्याचीही सोय केली. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर अलीकडच्या वर्षांत ट्यूना पुन्हां दिसूं लागले आहेत; त्यांना खुणेची पट्टी लावून सोडणारे त्या शास्त्रीय कामांत मदतनीस म्हणून घेतले गेले, ही गोष्ट स्कारबरोच्या धक्क्यावर टांगलेल्या माशांच्या तुलनेंत लक्षांत घेण्याजोगी आहे.

यानें सर्व प्रश्न सुटले असें नव्हे. सोडलेल्या माशांपैकीं कांहीं मरतातच. ज्याला शेवटीं सोडूनच द्यावयाचें त्याला केवळ करमणुकीसाठीं गळाला कां लावावें, हा आक्षेपही खोडून काढणें सोपें नाहीं. तरी एक गोष्ट या इतिहासावरून स्पष्ट दिसते. हा खेळ जन्माला आला तो माणसानें आपला हात आंवरला म्हणून. तो जेव्हां जेव्हां भ्रष्ट झाला, तेव्हां आपला हात कोठें आंवरावा याचा हिशेब जुना पडला होता म्हणून. एव्हलॉनच्या मंडळींनीं एका माशाशीं न्यायानें वागण्याचे नियम केले. त्या माशाच्या संबंध कुळाशीं न्यायानें वागण्याचे नियम करावयास त्यांच्या वारसांना पाऊण शतक लागलें.

ग्लासेल यांच्या मार्लिनहून मोठी मादी आजही प्रशांत महासागरांत कोठें तरी फिरत असेल. उद्यां ती एखाद्याच्या गळास लागली आणि थकून होडीच्या कडेला आली, तर त्या माणसाला दोहोंपैकीं एकच गोष्ट करतां येईल. तिला किनाऱ्यावर नेऊन टांगल्याशिवाय तो जुना विक्रम मोडत नाहीं. आणि गळ काढून तिला सोडली, तर ती खरोखर केवढी होती हें कोणालाही सिद्ध करतां येणार नाहीं. १८९८ सालीं दोर किती पदरी असावा, असा प्रश्न होता. आजचा प्रश्न एवढाच आहे कीं, तो दोर हातांत आल्यावर कापावा कीं नाहीं.